बांधावरचं उत्तर

वहिनी, काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी दादाने मला कामाला बसवलं. जेवणाचं टेबल स्वच्छ पुसलेलं, मधोमध तुमचा प्रबंध, त्यावर परीक्षकांचं पत्र आणि शेजारी माझ्यासाठी चहा. दादाने स्वतः केलेला. साखर दुप्पट पडली होती. तुम्ही असता तर हळूच म्हणाला असतात, "भाऊजी, मुकाट्याने पिऊन टाका, परत काही मिळायचा नाही." मी मुकाट्याने पिऊन टाकला.

काम असं की, तुमच्या मार्गदर्शक मॅडम काल आल्या होत्या. जाताना त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, परीक्षकांनी सुचवलेली दुरुस्ती करून प्रबंध परत पाठवला तर मरणोत्तर पदवीसाठी विद्यापीठात त्या बोलून बघतील. होईलच असं नाही, पण होऊ शकतं. दुरुस्ती एकाच प्रकरणातली, चौथ्या. त्यातले तक्ते मी केलेले, त्यामुळे ते बदलूही मीच शकतो. म्हणजे ज्या दुरुस्तीला तुम्ही शेवटपर्यंत नाही म्हणालात, आणि जी एकदाची करून टाका म्हणून मी तुमचं डोकं खात होतो, तीच.

"तुझंच म्हणणं होतं ना हे?" दादा म्हणाला. माझंच होतं.

मुक्ताही पुण्याला परत जायच्या आधी म्हणाली, "काका, करून टाका ना. आईच्या नावाआधी 'डॉ.' लागेल तेवढं तरी." आता तुमच्या मुलीला आणि नवऱ्याला नाही म्हणायला मी कोण? मी खुर्ची ओढून बसलो. आणि तुम्हाला तर माहीतच आहे, मी एकदा कागद पुढे घेऊन बसलो की कामापेक्षा आठवणीच जास्त काढतो.

तुम्ही पीएच.डी. करणार हे घरात जाहीर केलंत तेव्हा मुक्ताची दहावी नुकतीच संपली होती. तुम्ही पोळ्या लाटत होतात. दादा म्हणाला, "आता या वयात?" तुम्ही म्हणालात, "या वयातच. आधी वेळ कुठे होता?" तुमच्या शाळेत भाजीवाल्या, फुलवाल्या घरांतल्या मुली यायच्या. सकाळी फुलं तोडून, जुड्या बांधून, मग दप्तर घेऊन. सारख्या मार्कांच्या दोघींतली एक कॉलेजला जायची आणि दुसरी नवरीच्या साडीत शाळेत पेढे द्यायला यायची. हे का होतं, ते तुम्हाला शोधायचं होतं. "भाऊजी, मुलगी पुढे शिकणार की नाही, हे मार्कांवर नाही ठरत. तिच्यासाठीचा पैसा घरात कोणत्या नावाने बाजूला टाकलाय, त्यावर ठरतं," असं तुम्ही मला म्हणालात. मी बँकेतला माणूस. पैसा म्हटल्यावर कान टवकारले.

विषय नोंदवताना मात्र तुमची जी वरात निघाली! शिक्षणशास्त्राच्या लोकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे अर्थकारण झालं, वाणिज्यकडे जा. वाणिज्यच्या सरांनी विचारलं, बाई, यात बँक कमी आणि घरं जास्त आहेत, समाजशास्त्राकडे का नाही जात? समाजशास्त्रात विचारलं, तुमचं शिक्षण काय? तुम्ही म्हणालात, एम.एड. मग शिक्षणशास्त्राकडे जा ना! दादा पोट धरून हसला. "सीबीएस स्टँडवर उभी राहिल्यासारखं झालंय तुझं. जो तो कंडक्टर म्हणतोय, मागच्या गाडीत बसा." तुम्हीही हसलात, पण भांडी घासताना तुमचे डोळे भरलेले मी पाहिले होते. शेवटी मॅडम भेटल्या आणि म्हणाल्या, तिन्हीकडचं वाचावं लागेल, तयारी आहे? तुम्ही घरी आलात त्या पेढे घेऊनच.

माझी बदली तेव्हा निफाड शाखेला होती. शनिवारी तुमची शाळा अर्धा दिवस. तुम्ही एसटीने निफाडला यायच्या, शाखा बंद झाली की माझ्या स्कूटरवर मागे बसायच्या आणि आपण सायखेड्याच्या अलीकडच्या, पलीकडच्या मळ्यांमध्ये हिंडायचो. मांडीवर प्रश्नावल्यांची पिशवी, एका हातात पदर, दुसऱ्या हाताने स्टेपनी घट्ट धरलेली. खड्डा आला की "भाऊजी, तुमच्या बँकेला सांगा, रस्त्याला कर्ज द्या" हा विनोद ठरलेला. दर शनिवारी मी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचो. वहिनी, एवढं केलं होतं मी तुमच्यासाठी.

आणि मग कौसाबाईंचं घर आलं. आपल्या सगळ्या भांडणाचं मूळ ते घर. पडवीत त्यांचे सासरे बाजेवर, नवरा उंबऱ्यावर, कौसाबाई दाराच्या आत, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत. तुम्ही प्रश्न विचारला, मुलीच्या नावाने पैसे ठेवलेत का, आणि कशासाठी? कौसाबाईंनी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "ठिवलं हायेत ना. लग्नाला. पोरीच्या जातीला दुसरं काय लागतं?" कौसाबाई मान हलवून हो म्हणाल्या. मी मनातल्या मनात रकाना भरून टाकला. ती मुदत ठेव आमच्याच शाखेतली, मला माहीत होती. ठेवताना कारण सांगितलं होतं तेही लग्नच. सगळं कसं जुळत होतं.

निघताना कौसाबाई म्हणाल्या, "बाई, चला, ताजी मेथी देते." तुम्ही त्यांच्यामागे मळ्यात गेलात. मी पडवीत सासऱ्यांशी द्राक्षांच्या भावाबद्दल बोलत बसलो. बोलणं संपलं, दोनदा चहा झाला, तरी तुम्ही येईनात. आलात त्या मेथी विसरून. रस्त्याला लागल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर थाप मारून स्कूटर थांबवायला लावलीत आणि कौसाबाईंचं बोलणं त्यांच्याच शब्दांत मला ऐकवलंत.

"लग्नाचं म्हनलं की घरात कोन काय इचारत नाय, बाई. शाळेचं म्हनलं तर मंग दिराच्या पोराला पन पायजे, नंदंच्या पोराला पन पायजे. माझ्या पोरीला डीएड करायचं हाय. ते पैसं त्याचंच हायेत. तुमी कुडं बोलू नका."

बांधावर उभं राहून सांगितलं होतं त्यांनी. तुमचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता, मुक्ताच्या निकालालाही नाही.

आणि मी काय केलं? चांदोरीच्या टपरीवर चहा मागवला आणि तुमच्या आनंदावर विरजण घातलं. म्हणालो, "वहिनी, तुम्ही मास्तरीण. तुमच्यासमोर कोणती बाई लग्न म्हणेल? सासऱ्यासमोर सासऱ्याला आवडेल ते सांगितलं, तुमच्यासमोर तुम्हाला आवडेल ते. खात्यावर जे आहे तेच धरा." तुम्ही बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, तरी तुमचं लक्ष नव्हतं.

"मग तुम्ही चला बांधावर. तुमच्यासमोर काय म्हणतात बघू."

"माझ्यासमोर कशाला बोलतील त्या?"

"मग झालं तर."

"काय झालं?"

"विचार करते," म्हणालात. हे तुमचं 'विचार करते' म्हणजे विषय बंद झाला असं सगळ्या घराला वाटायचं. प्रत्यक्षात तिथून सुरू व्हायचा.

त्यानंतर तुम्ही सगळी घरं पुन्हा पालथी घातलीत. प्रत्येक बाईला तोच प्रश्न दोनदा. एकदा घरात, माणसांदेखत. एकदा बाहेर, बांधावर, विहिरीवर, गोठ्यामागे, जिथे जमेल तिथे. मी नवीन शर्ट घालून पडव्यांमध्ये सासरे लोकांना बोलण्यात गुंतवायचो. आयुष्यात द्राक्षांच्या भावाबद्दल इतकं मी कधी बोललो नाही. आणि चौथ्या प्रकरणात तुम्ही दोन रकाने केलेत. एकाला नाव दिलंत 'घरातलं उत्तर', दुसऱ्याला 'बांधावरचं उत्तर'. मी म्हटलं, "हे काय शास्त्रीय नाव आहे का? आणि कौसाबाई म्हणाल्या होत्या ना, कुठे बोलू नका?" तुम्ही म्हणालात, "त्यांचं नाव घातलं का मी? आणि शास्त्रीय नाव तुम्ही सुचवा." मला सुचलं नाही. अजून नाही.

रागावून का होईना, तक्ते सगळे मी केले. दिवाळीच्या सुट्टीत, मुक्ताच्या कॉम्प्युटरवर, त्या मराठी फॉन्टशी झटापट करत. तुम्ही मागे उभ्या राहून शेंगदाण्याचे लाडू भरवायच्या आणि "तो रकाना रुंद करा, बायकांना जागा द्या" म्हणायच्या. ऋणनिर्देशात तुम्ही लिहिलंत, 'माझे दीर, ज्यांनी प्रत्येक तक्ता केला आणि एकही मान्य केला नाही.' छापून आल्यावर मी फुगून बसलो होतो. आज सकाळी ती ओळ पुन्हा वाचली आणि चष्मा काढून ठेवावा लागला.

तुम्ही या घरात आलात तेव्हा मी नापास होऊन घरी बसलेला दीर होतो, हेही सांगायला हवं. अप्पा माझ्याशी बोलत नव्हते. तुम्ही नवी नवरी, हातावरची मेंदीही गेली नव्हती, आणि तुम्ही अप्पांना, स्वतःच्या सासऱ्यांना, सांगितलंत, "यांना आकडे आवडतात, कॉमर्सला घाला." घरात कुणी तोपर्यंत मला विचारलंच नव्हतं काय आवडतं. माझी नोकरी, माझं घर, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. भांडायला मात्र रोज वेळ होता.

आजार निघाला आणि परीक्षकांचं पत्र आलं ते एकाच पावसाळ्यात. एका परीक्षकांनी मनापासून कौतुक केलं होतं. दुसऱ्यांनी लिहिलं होतं की, एका प्रश्नाची दोन उत्तरं तक्त्यात चालत नाहीत, बँकेच्या नोंदीशी जुळणारं ठेवावं, दुसरं काढावं. वहिनी, खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. म्हटलं, बघा, मीच नाही, शहाणी माणसंही हेच म्हणतात. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "फितूर!" आणि हसलात. केस गेलेले, डोक्याला मुक्ताचा स्कार्फ, आणि हसू तेच.

मग मात्र मला भीती वाटायला लागली. पदवी तुमच्या हातात पडायच्या आधी काही झालं तर? मी गंगापूर रोडवरून बँकेत जाता-येता रोज तुमच्याकडे थांबायचो आणि तेच तेच सांगायचो. "वहिनी, आधी पदवी घ्या. मग भांडा. पुस्तक काढा, त्यात सगळे बांध घाला." तुम्ही ऐकून घ्यायच्या. एकदाच आवाज चढवलात. "भाऊजी, सगळ्या घरात ऐकून न ऐकल्यासारखं करतात म्हणून त्या बाहेर येऊन माझ्याशी बोलल्या. आता मीही ऐकलंच नाही म्हणून लिहू?" मी म्हटलं, "पण माझ्या प्रश्नाचं काय? तुमच्याजागी मी असतो तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं, त्याचं काय?" तुम्ही दमला होतात. डोळे मिटून म्हणालात, "त्याचं उत्तर आहे माझ्याकडे. बरं वाटू दे, सांगते."

ते बरं काही वाटलं नाही.

घरात तुम्हाला कुणीही विचारलं, कसं वाटतंय, की उत्तर एकच, "बरी आहे." दादाला बरी आहे, मुक्ताला फोनवर बरी आहे, माझ्या बायकोला, शेजारणींना, सगळ्यांना. एक दिवस दवाखान्यात केमो झाल्यावर दादा औषधांच्या रांगेत होता आणि मी तुम्हाला धरून बाहेर रिक्षापर्यंत आणत होतो. झाडाखाली तुम्ही थांबलात. म्हणालात, "भाऊजी, मला आता हे नको आहे. खरंच नको. ह्यांना सांगू नका." तुमचा हात किती हलका झाला होता. संध्याकाळी दादाने मला गॅलरीत नेऊन विचारलं, "तुझ्याशी काही बोलली का रे?" मी म्हणालो, "बरी आहे म्हणाल्या."

तेव्हापासून चौथ्या प्रकरणातला तो तक्ता माझ्या डोक्यातून जात नाही. त्यातलं खरं कोणतं, असं मला कुणी विचारलं तर? झाडाखालचं खरं होतं, यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही दादाला म्हणालात, "दिवाळीला चिवडा मी करणार, तुम्ही करून वाट लावाल," तेही खोटं नव्हतं. तुम्हाला जायचंही होतं आणि राहायचंही होतं. आणि मग मला इतक्या वर्षांनी दिसलं की, तुम्ही प्रबंधात कुठेच म्हटलं नव्हतं, घरातलं खोटं आणि बांधावरचं खरं. तुम्ही फक्त दोन्ही ठेवली होतीत. खरं कोणतं, खरं कोणतं, म्हणून मी एकटाच ओरडत होतो.

दादाचं सांगतो. आयुष्यभर तुम्हाला 'डॉक्टरीणबाई, चहा मिळेल का' म्हणून चिडवलं त्याने. पण दहाव्याला रामकुंडावर त्याच्या कारखान्यातले लोक आले होते आणि प्रत्येक जण मला म्हणत होता, "वहिनींची पीएच.डी. अगदी होत आली होती ना? साहेब रोज सांगायचे." रोज! आम्हाला घरात कधी कळू दिलं नाही. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातमीत तो 'डॉ.' घालायला निघाला होता, मुक्ताने थांबवलं. आता त्याने मेनरोडला जाऊन दारावरच्या नव्या पाटीचं विचारून ठेवलंय. पितळेची, तुमचं नाव वर, त्याचं खाली.

म्हणून आज कॉम्प्युटर लावला. तुमची फाईल उघडली. किती सोपं होतं, वहिनी. एक रकाना निवडायचा आणि काढून टाकायचा. तक्ता लगेच आवळून बसतो, मध्ये काही होतं असं वाटतही नाही. मी रकाना निवडला. तो निळा झाला. दुपारपर्यंत मी त्या निळ्या रकान्याकडे बघत बसलो. मग न काढता फाईल बंद केली आणि आत जाऊन दादाला सांगितलं, "मी नाही करणार."

दादा इतका भडकला की शेजारचे डोकावले. "तिला सांगून सांगून बेजार केलंस ना? तेव्हा बरं होतं?"

"तेव्हा त्या मला 'नाही' म्हणू शकत होत्या, दादा."

"म्हणजे आता ती डॉक्टर होणारच नाही?"

मी म्हणालो, बहुतेक नाही. तो उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, हा माणूस आता माझ्याशी बोलायचा नाही. त्याच्या जागी मीही बोललो नसतो.

मग मी परीक्षकांना पत्र लिहायला घेतलं. मुलगी म्हणून मुक्ता त्यावर सही करेल, फोनवर म्हणाली आहे, जरा नाराजीनेच. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. बँकेचं पत्र झालंय ते. लिहिलं की, विद्यार्थिनी आता हयात नाहीत, पण दोन्ही रकाने त्यांनी विचारपूर्वक ठेवले होते, सबब दोन्ही तसेच राहावेत. मग त्यापुढे, एकाच बाईची दोन उत्तरं कशी असू शकतात, ते समजावायला गेलो. कौसाबाईंबद्दल लिहिलं, नाव न घालता. दिवाळीच्या चिवड्याबद्दल लिहिलं आणि खोडलं.

ऊन उतरल्यावर दादा बाहेर आला. समोर बसला. "वाच," म्हणाला. मी वाचलं.

"तिला पटलं असतं हे?"

"हो."

"आणि तुला? तुला पटतंय का आता तिचं?"

मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, "अजून सगळं नाही पटलेलं. माझा तो प्रश्न तसाच आहे."

दादा हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "मेली ती बिचारी, तरी तुझं चालूच," म्हणाला आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडायला लागला. मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही रडू आवरेना.

पत्र उद्या टाकतो. वहिनी, मला पटवायला तुम्ही हव्या होतात.